साखरेची नोंद कुणाकडे?

मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर आरोग्यसेविका म्हणून मी उमेदीची वर्षं काढली. तेव्हा हिवतापाची नोंद घराच्या भिंतीवरच असायची. कर्मचारी दाराशेजारी भेटीची तारीख टाकून जायचा, ती येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दिसायची. क्षयाच्या पेशंटचं कार्ड असायचं. १९९७ला सुधारित कार्यक्रम आला आणि पुढे पेशंटच्या नावाची औषधांची पेटीच केंद्रात राहू लागली. साखरेच्या पेशंटला मात्र आमच्या रजिस्टरांत रकाना नव्हता. हा बसून खाणाऱ्यांचा आजार, माळशेजच्या पायथ्याला डोंगर तुडवणाऱ्याला कुठून व्हायचा, अशीच सगळीकडे समजूत होती.

तपासायची ती लघवी. नळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, आठ थेंब लघवी घालायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी होत होत विटकरी झालं की साखर भरपूर. पण रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही, त्यामुळे सुरुवातीचा आजार या नळीला सापडायचा नाही. निकाल म्हणून केसपेपरवर अधिकची चिन्हं पडायची आणि कागद पेशंटच्या पिशवीत जायचा. पावसात भिजायचा, घडीवर फाटायचा. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघाली की तिथल्या डॉक्टरसमोर सगळं पहिल्यापासून सांगायचं. गोळी कोणती? पांढरी. कधीपासून? गेल्या भाताच्या आधीपासून.

मधुमेहासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०मध्ये आला. पुढच्याच वर्षी आयसीएमआरच्या पाहणीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या प्रौढांत मधुमेहाचं प्रमाण ६.५ टक्के निघालं. म्हणजे पंधरा जणांमागे एक! मग तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरणं आशाताईंकडे आलं: तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आईवडिलांना साखर होती का. गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी त्या माणसाचा नंबर. बोटातल्या एका थेंबावर ग्लुकोमीटर आकडा सांगतो, सिस्टर तो टॅबमध्ये भरते आणि कार्यक्रमाच्या पोर्टलवर त्या माणसाचं पान उघडतं.

२७ सप्टेंबर २०२१ला डिजिटल आरोग्य मिशन देशभर सुरू झालं. १४ अंकी आभा क्रमांकाला नोंदी जोडल्या, की पेशंटला स्वतःचे रिपोर्ट मोबाईलवर पाहता येतात आणि संमती देऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येतात. शहरातल्या माणसाकडे फाईल असते, ठरलेला डॉक्टर असतो. या सोयीची खरी गरज भट्टीवर जाणाऱ्या बाईला आहे, असं मी ठामपणे म्हणते.

आणि तिच्यापर्यंतच ती पोचत नाही. आधारला जोडलेला नंबर मुलाचा, मुलगा गोदामात कामाला, आभासाठीचा ओटीपी त्याच्या फोनवर. डोळखांबच्या वरच्या पाड्यांवर रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं. म्हणून दिवाळीआधीच पाड्यावर शिबिर घ्यावं, नोंदी आभाला जोडाव्यात, क्रमांक, शेवटची साखर आणि गोळीचं नाव जाड कार्डावर छापून बाईच्या हातात द्यावं. भट्टीजवळच्या उपकेंद्रातल्या सिस्टरनेही आपल्या हद्दीतली नाही म्हणून तिला परत पाठवू नये. तो क्रमांक टाकून तिचं पान उघडावं आणि महिन्याच्या गोळ्या द्याव्यात.