प्रोटिअसोम
पेशीतील प्रथिनांची घडी उलगडून त्यांचे तुकडे करणारे रेण्वीय यंत्र. निकामी वा काम संपलेल्या प्रथिनाला पेशी ७६ ॲमिनो अम्लांच्या युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी चिकटवते. ही खूण प्रोटिअसोमची १९ एस टोपी ओळखते.

पुढचा टप्पा खरा थक्क करणारा आहे. टोपीतील सहा एटीपी-एज घटकांचे कडे एटीपीच्या ऊर्जेवर प्रथिन ओढू लागते. त्याची घडी मोडते आणि सरळ झालेला धागा २० एस पिंपात सरकतो. पिंपात प्रत्येकी सात घटकांची चार कडी असतात. छेदन करणाऱ्या जागा आतल्या पोकळीत बंदिस्त असल्याने आसपासची निरोगी प्रथिने सुरक्षित राहतात. युबिक्विटिन मात्र आधीच सुटे होऊन पुन्हा वापरात येते. या खुणेच्या शोधासाठी चीखानोव्हर, हेर्श्को व रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्याच वर्षी प्रसन्ना वेंकटरामन व सहकाऱ्यांनी दाखवले की, हंटिंग्टन रोगात आढळणाऱ्या ग्लुटामिनच्या लांब साखळ्या आपल्या प्रोटिअसोमला तोडता येत नाहीत. पुढे खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेतील त्यांच्या प्रयोगशाळेत पीएसएमडी९ या टोपीच्या जुळणीस मदत करणाऱ्या प्रथिनावर संशोधन झाले. परळमधील टाटा मेमोरियल रुग्णालय (१९४१) आणि ॲक्ट्रेक ही एकाच केंद्राची अंगे आहेत.

मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी भरमसाट प्रथिने बनवतात, म्हणून प्रोटिअसोम अडवला की त्या मरतात. या तत्त्वावरील बोर्टेझोमिब औषधाला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली.