उभी गाडी

गाडी धावल्याचा इतिहास पुष्कळ वाचायला मिळतो. गाडी उभी राहिल्याचा इतिहास माझ्या तरी वाचनात फारसा आला नाही. आज तोच विषय घेतो. कारण आमच्या लोणारात गल्लोगल्ली मोटारी उघड्यावर उभ्या दिसू लागल्या आहेत. मालक पुण्यात, बंगलोरला किंवा थेट अमेरिकेत, आणि किल्ली म्हाताऱ्या आईबापांच्या खुंटीला!

आमच्या लहानपणी वाहन म्हणजे बंडी. काळ्या मातीच्या चिखलात पावसाळ्यात ती फारशी चालत नसे. मग आषाढाच्या आधीच तिला छपराखाली ओढायचे, आसाखाली दगड रचून चाके अधांतरी करायची, आसाला भरपूर वंगण द्यायचे. चाक चिखलात रुतून राहिले की लाकूड कुजते, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नसे. उन्हाळ्यात उलटी अडचण. लाकूड वाळून आकसे, लोखंडी धाव सैल होई, मग चाकांवर पाणी मारायचे. दसऱ्याला हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहून बंडी पुन्हा कामाला लागे.

मोटारींना सक्तीची विश्रांती मिळाली ती दुसऱ्या महायुद्धात. इंग्लंडमध्ये सप्टेंबर १९३९ मध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले आणि जुलै १९४२ मध्ये खासगी मोटारींचा साधा कोटाही बंद झाला. त्याच वर्षी मलाया जपानच्या ताब्यात गेला होता, त्यामुळे रबरही दुर्मिळ. लोकांनी गाड्या लाकडी ठोकळ्यांवर चढवल्या, बॅटऱ्या काढल्या, रेडिएटरचे पाणी सोडले. आपल्याकडेही पेट्रोलचे रेशनिंग होते आणि कोळशाच्या गॅसवर बसगाड्या धावत होत्या. इंग्लंडात तो कोटा जून १९४५ मध्ये परत मिळाला आणि ठोकळ्यांवरच्या गाड्या खाली उतरल्या. गंमत पाहा, लंडनचा साहेब आणि वऱ्हाडातला शेतकरी, दोघांनीही पहिले काम एकच केले. चाकांवरचा भार काढला!

स्वातंत्र्यानंतर मोटार हे आपल्याकडे दुर्मिळ धन होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडू लागली. पण नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशी मिळालेली गाडी लोक खोळ घालून, देवासारखी जपत.

मग आले २०२०. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि देशभरच्या गाड्या जिथल्या तिथे थांबल्या. जूनमध्ये आमचे सरोवर गुलाबी झाले, सारे जग फोटो पाहत होते, आणि इथे गाड्यांवर धुळीचा थर चढत होता. टाळेबंदी उठल्यावर कुणाची बॅटरी मेलेली, कुणाचे ब्रेक चिकटलेले, कुणाच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. चालून झिजते ते दिसते, उभे राहून झिजते ते दिसत नाही, एवढे त्या वर्षाने शिकवले.

तर गाडी सहा महिने उघड्यावर ठेवायची असेल, तर माझ्या समजुतीप्रमाणे इतके करावे. गाडी खालूनसुद्धा धुऊन पूर्ण वाळवावी. इंजिन ऑइल नवे घालावे. टाकी काठोकाठ भरावी, कारण हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते हवेतली ओल शोषते. रिकाम्या टाकीत ओल जास्त. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी. हँडब्रेक ओढू नये, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरावी, किंवा जाणकाराकडून गाडी पक्क्या टेकूंवर चढवून घ्यावी. प्लॅस्टिकची ताडपत्री नको, आत घाम धरतो. हवा खेळेल अशी कापडी खोळ बरी. धुराच्या नळीत फडक्याचा बोळा घालावा, म्हणजे उंदीर शिरत नाहीत. आणि बोळा घातल्याची चिठ्ठी स्टीअरिंगला बांधावी!

काही आजोबा दर रविवारी पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करतात. त्याने फायदा कमीच. इंजिन नीट तापत नाही आणि धुराच्या नळीत पाणी साचते. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा कुणी अर्धा तास फिरवून आणावी.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. बंडीचा मुक्काम दसऱ्यापर्यंत होता. युद्धातल्या गाड्यांचा युद्ध संपेपर्यंत, टाळेबंदीतल्यांचा टाळेबंदी उठेपर्यंत. आजच्या उभ्या गाडीला अशी तारीखच नसते. "दिवाळीला येतो" म्हणणारा मुलगा तीन दिवाळ्या येत नाही. गाडी विकायची म्हटले की आईच्या पोटात गोळा येतो, कारण गाडी दारात आहे म्हणजे पोरगा परत येणार, असा तिचा हिशेब. इकडे सरकारी हिशेबही चालूच असतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५००० रुपये झाली.

म्हणून बाहेरगावी असलेल्या आमच्या पुतण्या-भाच्यांना एक सांगणे आहे. गाडी जरूर ठेवा, पण जाताना घरच्यांना परत येण्याची तारीख सांगून जा. ती टळली तर फोन करून नवी सांगा. आणि सांगता येत नसेल, तर गाडी चालती आहे तोवरच गरजवंताला द्या. आईला काय सांगायचे ते मात्र तुमचे तुम्हीच सांगायला या.