सूर्याच्या पोटातला उजेड

आजचा आपला प्रश्न असा: जिथे नजर पोहोचूच शकत नाही, तिथलं आपल्याला कळतं कसं?

आम्ही तत्त्वज्ञानवाल्यांनी या बाबतीत एकदा चांगलाच मार खाल्लाय. १८३५ साली ऑग्युस्त काँत या फ्रेंच विचारवंताने सांगून टाकलं की, ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही. १८५७ मध्ये ते वारले आणि दोनच वर्षांनी जर्मनीत किरखॉफ आणि बुन्सेन यांनी वर्णपटातल्या काळ्या रेषांवरून सूर्यातली मूलद्रव्यं ओळखायला सुरुवात केली.

पण वर्णपट सांगतो तो सूर्याच्या कातडीचा हाल. पोटातलं काय?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात आर्थर एडिंग्टन यांनी गणित मांडलं की, ताऱ्याच्या आतली ऊर्जा मुख्यतः प्रारणाच्या रूपाने, म्हणजे प्रकाशासारख्या किरणांनी, बाहेर झिरपते. आता बघा, केंद्रापासून पृष्ठभाग सुमारे ७ लाख किलोमीटर. सरळ वाट मिळाली तर प्रकाश सव्वादोन-अडीच सेकंदांत बाहेर. पण आत इतकी दाटी की सेंटीमीटरभर जाण्याआधीच तो कशावर तरी आदळतो आणि कुठल्याही दिशेला फेकला जातो. अशी भरकटत १०० पावलं टाकली, तर सरासरी १० पावलांचंच अंतर कापलं जातं. शेवटच्या साधारण तीस टक्के वाटेवर उकळता वायूच ही ऊर्जा वर आणतो. सगळा हिशेब केला की आकडा येतो दहा हजार ते पावणेदोन लाख वर्षं. पुढे पृथ्वीपर्यंत फक्त ८ मिनिटं!

बरं, बाहेर येतो तो 'तोच' प्रकाश नव्हेच. वाटेत तो असंख्य वेळा शोषला गेला, पुन्हा सोडला गेला. एका जोरकस किरणाचे हजारो सौम्य किरण झाले. कानगोष्टीच्या खेळासारखंच. म्हणजे सूर्याच्या गाभ्यात आज काय चाललंय, याचा हा साक्षीदार सांगोवांगीचा.

थेट साक्षीदार एकच, न्यूट्रिनो. तो गाभ्यातून सरळ निघतो. अमेरिकेत रेमंड डेव्हिस यांनी सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खोल, कपडे धुण्याच्या रसायनाची भलीमोठी टाकी बसवली. १९६८ पासून निकाल येऊ लागले. न्यूट्रिनो सापडले, पण अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश. मग कोण चुकलं, डेव्हिस की गणित? की गाभ्यातली भट्टीच सध्या मंदावलीय? अशीही शंका काहींनी गंभीरपणे मांडली. कारण तसं झालं असतं, तरी उजेडावरून आपल्याला इतक्यात कळलंच नसतं.

तीसेक वर्षं हा पेच होता. २००१-०२ मध्ये कॅनडातल्या सडबरी वेधशाळेने दाखवलं की, न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात. सगळे प्रकार मोजल्यावर बेरीज जुळली. भट्टी ठीक होती. डेव्हिसही बरोबर, सूर्याचं गणितही बरोबर.

तेव्हा काँतना हसताना एवढं ध्यानात ठेवू. 'कधीच कळणार नाही' म्हणणं ही चूक खरी. पण 'कळलंच आहे, आता मोजायचं कशाला' असं म्हणून आपण थांबलो असतो, तर तीही तितकीच मोठी चूक झाली असती.