जेऊरचे ग्रहण आणि दर सात मिनिटांनी लागणारे ग्रहण

१/९
२२ जानेवारी १८९८. अहिल्यानगर जिल्ह्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातील जेऊर येथे खग्रास सूर्यग्रहणासाठी वेधकर्त्यांच्या छावण्या पडल्या होत्या. एक पुण्याच्या कावसजी दादाभाई नायगमवाला यांची, तर दुसरी कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल यांची. खग्रास अवस्था टिकली सुमारे दोन मिनिटे.

२/९
दोन्ही छावण्यांत दुर्बिणींच्या जोडीला वर्णपटदर्शक होते. प्रकाशाच्या वर्णपटात बारीक रेषा दिसतात. तारा आपल्याकडे येत असेल तर त्या निळ्या टोकाकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या. एकाच ठिपक्याच्या रेषा नियमित मागेपुढे होत असतील, तर तेथे दोन तारे परस्परांभोवती फिरत असतात.

३/९
पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, कॅम्पबेल यांनी याच रीतीने ब्रह्महृदय हा तारा जोडी असल्याचे दाखवले. इंग्लंडमध्ये न्यूऑल यांनीही स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला. त्या जोडीची एक प्रदक्षिणा सुमारे १०४ दिवसांची.

४/९
नायगमवालांच्या पुण्यातील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत २० इंची परावर्ती दुर्बीण होती; भारतातील तेव्हाची सर्वांत मोठी. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकॅनालला गेली.

५/९
तीनच वर्षांनी, १९१५ मध्ये, माउंट विल्सनवर वॉल्टर अ‍ॅडम्स यांनी व्याधाच्या मंद सोबत्याचा वर्णपट मिळवला. तारा तप्त निघाला. तप्त असूनही मंद, म्हणजे आकाराने अगदी लहान. वस्तुमान सूर्याएवढे, आकार पृथ्वीएवढा: श्वेत बटू.

६/९
असे दोन श्वेत बटू एकमेकांच्या किती जवळ असू शकतात? उत्तराचा एक धागा पुन्हा महाराष्ट्राकडे येतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १९५६ मध्ये जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी हे पालोमार येथील झ्विकी ट्रान्झिएंट फॅसिलिटी या आकाश-सर्वेक्षणाचे तेव्हा प्रमुख संशोधक होते. त्याच नोंदींतून केविन बर्ज या विद्यार्थ्याने भूतप तारकासमूहातील एक जोडी शोधली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाच्या लेखकांत कुलकर्णीही होते.

७/९
प्रदक्षिणेचा काळ ६.९१ मिनिटे. केडगावहून निघालेली बस माळीवाड्याला पोहोचण्याआधी तेथे एक फेरी पूर्ण होते, आणि प्रत्येक फेरीत मंद तारा तेजस्वी ताऱ्याला झाकतो. ग्रहणावरून काळ कळला. तारे कोणते, हे वर्णपटाने सांगायचे होते. अडचण अशी की प्रकाश अंधुक, आणि तो दीर्घकाळ साठवावा तर सरकत्या रेषा पुसट होतात. म्हणून हवाईच्या केक दुर्बिणीतून थोड्या थोड्या वेळाचे अनेक वर्णपट घेऊन ते कक्षेतील स्थानानुसार एकत्र केले गेले.

८/९
तेव्हा दोन्ही तारे वेगळे वाचता आले. तप्त ताऱ्याच्या रुंद, काळसर रेषा एका बाजूला जात, तेव्हा त्याच्या उष्णतेने उजळलेल्या सोबत्याच्या तेजस्वी रेषा उलट बाजूला. ही सबंध जोडी शनी ग्रहाच्या आत मावेल! गुरुत्वीय लहरींतून ऊर्जा निघून जात असल्याने दोघांतील अंतर रोज सुमारे २६ सेंटिमीटरने, म्हणजे वीतभर, घटते.

९/९
त्या लहरी टिपण्यासाठी युरोपीय अवकाश संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये लिसा मोहिमेला मान्यता दिली. जेऊरच्या माळावर ग्रहणाची जी दोन मिनिटे मिळाली, ती पुन्हा मिळणार नव्हती. भूतपातील ग्रहण मात्र हा थ्रेड वाचून होईपर्यंत लागून सुटलेले असेल.