जमिनीखालील इंधन-टाक्या आणि मातीची शुद्धी : अमेरिकेतील एक प्रकरण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोटारींचा प्रसार होत गेला तसतशी पेट्रोलची साठवण जमिनीखाली गेली. आगीचे भय हे त्याचे मुख्य कारण होय. साध्या पोलादाची टाकी खड्ड्यात बसवावी, वर माती लोटावी आणि विसरून जावे, अशी वहिवाट पडली. (‘टँक’ हा इंग्रजी शब्द गुजराती-मराठीतील ‘टांके’वरून पोर्तुगीजांच्या द्वारे गेला असावा, असे कित्येक व्युत्पत्तिकारांचे मत आहे; कातळातील टाके मात्र पाणी राखण्यासाठी खोदलेले असे.)

पोलाद ओल्या मातीत गंजते, ही गोष्ट कोणास ठाऊक नव्हती असे नाही. परंतु गळती दिसत नसे. विहिरीच्या पाण्यास वास येऊ लागे तोवर इंधन भूजलास मिळालेले असे. अखेर १९८४ साली संघीय संसदेने घनकचराविषयक कायद्यात दुरुस्ती करून या टाक्या नियमांखाली आणल्या. १९८६ मध्ये शुद्धीकरणासाठी निधी उभारण्यात आला. त्याकरिता प्रत्येक गॅलनामागे एका सेंटचा दशांश इतका कर बसविण्यात आला. १९८८ च्या नियमांनी जुन्या टाक्यांस दहा वर्षांची मुदत दिली : २२ डिसेंबर १९९८ पर्यंत त्या गंजरोधक कराव्या, बदलाव्या अथवा बंद कराव्या. शिवाय नुकसानभरपाईची ऐपत सिद्ध करणे मालकांवर बंधनकारक झाले. बड्या तेल कंपन्यांस हे जड गेले नाही. एक-दोन पंप चालविणाऱ्यास मात्र विम्याचा भार पेलणे कठीण होते. म्हणूनच अनेक राज्यांना स्वतंत्र निधी काढावे लागले.

टाकी काढण्यापूर्वी ती रिती करून आतील वाफा निष्प्रभ कराव्या लागतात. त्यासाठी पुष्कळदा कोरडा बर्फ वापरतात. खरा प्रश्न पुढेच उद्भवतो. टाकीखालची माती तेलाने भिजलेली असल्यास ती किती खोलवर उपसावी ? कारण उपसलेली माती नाहीशी होत नाही, तिला अन्यत्र नेऊन टाकावे लागते. तिच्यातील वाफा जागच्या जागी शोषून घेण्याची पद्धतही रूढ झाली. १९९५ साली लिव्हरमोर येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियातील प्रकरणे तपासून असे दाखविले की, बेंझीनचा फैलाव बहुधा थोड्या अंतरावर थांबतो, मातीतील जंतूच त्याचे विघटन करतात. खर्चाने त्रासलेल्यांना हा निष्कर्ष अर्थातच रुचला.

निष्कर्ष खोटा नव्हता. परंतु तो सर्व घटकांस लागू पडणारा नव्हता. १९७९ पासून शिशाच्या जागी पेट्रोलमध्ये मिथिल टर्शरी ब्युटिल ईथर मिसळले जाऊ लागले होते आणि हवा शुद्ध राखण्याच्या १९९० च्या कायदेदुरुस्तीनंतर त्याचा वापर फार वाढला. हे द्रव्य पाण्यात सहज विरघळते, जंतूंना सहजी दाद देत नाही. १९९६ साली सँटा मोनिका शहरास याच कारणाने आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि सुमारे निम्मा पाणीपुरवठा गमवावा लागला. हवेसाठी योजलेला उपाय जुन्या टाक्यांच्या छिद्रांतून पाण्यात उतरला होता. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये त्यावर बंदी जाहीर केली. ती अमलात यावयास २००३ ची अखेर उजाडली. टाक्यांची दर तीन वर्षांनी प्रत्यक्ष तपासणी व्हावी, हे बंधन तर त्यानंतर, २००५ च्या कायद्याने घातले.