एका पेल्याची नोंद

१० एप्रिल १६६३ रोजी लंडनच्या लोंबार्ड स्ट्रीटवरील 'रॉयल ओक' या पानगृहात नौदल कचेरीतील अधिकारी सॅम्युएल पीप्स स्नेह्यांसह बसला होता. तेथे 'हो ब्रायन' नामक फ्रेंच द्राक्षासव त्याने चाखले. अशी आगळी रुची पूर्वी कधी अनुभवली नव्हती, असे त्याने लघुलिपीतील रोजनिशीत नोंदले. हे आसव म्हणजे बोर्दोचे 'ओ-ब्रियाँ' होय. १६६६ च्या अग्निप्रलयात लोंबार्ड स्ट्रीट भस्मसात झाला. पीप्सने व त्याचा सहकारी सर विल्यम पेन याने आपापले मद्य खड्ड्यात पुरले. रोजनिशी मात्र बचावली आणि १८२५ मध्ये प्रथम छापली गेली. त्या स्नेहभोजनांचा इतिहास राजदरबारच्या दप्तरांत सापडत नाही; तो अशा खासगी नोंदींतच जिवंत राहतो.