दह्यांतील जंतु आणि दीर्घायुष्याची आशा

वार्धक्य हा निसर्गनियम नव्हे, तो एक रोग आहे, अशी ईल्या मेच्निकॉफ याची दृढ समजूत होती. हा रशियन शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें संशोधन करीत असे. शरीरांतील कांहीं पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, या त्याच्या शोधाचा गौरव १९०८ सालीं नोबेल पारितोषिकानें झाला. मोठ्या आतड्यांत जंतूंमुळें अन्न कुजतें, त्यांतून विषें निपजतात आणि तीं शरीर जर्जर करतात, असें त्याचें मत होतें.

१९०५ सालीं स्तामेन ग्रिगोरॉव्ह या बल्गेरियन तरुणानें आपल्या देशांतील दह्यामधून दूध आंबविणारा एक दंडाकृति जंतु वेगळा काढून दाखविला. आंबटपणांत कुजविणाऱ्या जंतूंचें फारसें चालत नाहीं. तेव्हां बल्गेरियांतील खेडुतांच्या दीर्घायुष्याचें रहस्य दह्यांतच असावें, असा तर्क मेच्निकॉफनें बांधला. तो स्वतः नित्यनेमानें आंबविलेलें दूध घेऊं लागला, आणि युरोपांत या जंतूंच्या गोळ्याहि विकल्या जाऊं लागल्या.

आतड्यांतील विषाच्या या कल्पनेचा एक फांटा मात्र घातक ठरला. लंडनमधील नामांकित शस्त्रवैद्य विल्यम आर्बथनॉट लेन हा हट्टी बद्धकोष्ठाच्या रोग्यांचें मोठें आतडेंच काढून टाकूं लागला. कित्येकांना त्यापायीं प्राणास मुकावें लागलें. पुढें ती कल्पनाच निराधार ठरली व ही शस्त्रक्रियाहि मागें पडली. मेच्निकॉफ १९१६ सालीं, वयाच्या ७१ व्या वर्षीं, वारला. त्यानंतर बल्गेरियन जंतु आतड्यांत टिकाव धरीत नाहीं, असें अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या लिओ रेटगर यानें दाखविलें.

मग मेच्निकॉफचा सारा खटाटोप व्यर्थच गेला काय? तसें म्हणतां येत नाहीं. जंतूंनींच जंतूंना आवर घालावा, ही त्याची मूळ कल्पना जिवंत राहिली. १९१७ सालीं, महायुद्ध चालू असतां, जर्मन वैद्य आल्फ्रेड निसल यानें हगवणीच्या सांथींत निरोगी राहिलेल्या एका सैनिकाच्या विष्ठेंतून निरुपद्रवी जंतु मिळवून तो औषधासाठीं वाढविला. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत नेदरलंड्समधील वैद्यांनीं, वारंवार उलटणाऱ्या एका दुर्धर अतिसारावर, निरोगी माणसाच्या विष्ठेंतील जंतु रोग्यांच्या आतड्यांत सोडले. १६ पैकीं १५ रोगी बरे झाले; केवळ प्रतिजैविक औषध दिलेल्या १३ पैकीं ४ च बरे झाले.

तथापि प्रत्येक जंतूचा गुण निराळा असतो. एका रोगावर जो उपयोगी पडला तो दुसऱ्यावर पडेलच, असें नाहीं. वाटीभर दह्यानें वार्धक्य टळत नाहीं, हें खरें. परंतु आरोग्याचा विचार करतांना आतड्यांतील या अदृश्य वस्तीला वगळून चालत नाहीं, एवढा धडा मेच्निकॉफच्या चुकींतूनहि मिळालेला आहे.